टाकीत भलतेच तेल, भुर्दंड गाडीवाल्याला

वसई-विरारच्या पश्चिम पट्ट्याचा दिवस उजाडायच्या आधीच सुरू होतो. आगाशी, नंदाखाल, निर्मळ, गास, भुईगावच्या वाड्यांतला सोनचाफा आणि मोगरा पहाटे दादरच्या फूलबाजारात पोचला तरच त्याला भाव. ऊन चढलं की फूल मावळलं आणि भावही मावळला. कुणी पहिल्या लोकलने जातो, कुणी चार वाड्यांचा माल एका टेम्पोत भरून रस्त्याने. अशा वेळी अर्धवट झोपेत पंपावर गाडी लावून “हजाराचं टाक” म्हटले, पंपावरच्या मुलाने डिझेलच्या गाडीत पेट्रोलचे नोझल घातले, तर त्या दिवसाच्या फुलांचे सोडाच, पुढच्या सहा महिन्यांच्या कमाईचे गणित बिघडते.

वाचणाऱ्याला ही गोष्ट किरकोळ वाटेल. चूक झाली, टाकी रिकामी करायची, त्यात काय? पूर्वीच्या गाड्यांच्या बाबतीत हे बरेचसे खरे होते. जुन्या ट्रॅक्टरचा किंवा जीपचा पंप दणकट होता, थोडे इकडचे तिकडे झाले तरी खोकत-शिंकत गाडी चालायची. आताच्या डिझेल गाड्यांत मात्र तेल हजार-दीड हजार पट हवेच्या दाबाने, कधी त्याहूनही जास्त दाबाने, केसाएवढ्या छिद्रांतून उडवले जाते. या सगळ्या यंत्राला वंगण कोण देते? डिझेलच. पेट्रोल म्हणजे वंगण धुऊन काढणारे पातळ द्रव्य. ते आत गेले की लोखंडावर लोखंड घासते, त्याचा बारीक कीस सुटतो आणि तो थेट इंजेक्टरपर्यंत जातो. मग पंप, इंजेक्टर, नळ्या, टाकी सगळेच उघडावे लागते आणि खर्च लाखाच्या घरात जाऊ शकतो.

उलटे झाले, म्हणजे पेट्रोलच्या गाडीत डिझेल गेले, तर नुकसान तुलनेने कमी. गाडी पांढरा धूर सोडते, प्लग काळे होतात, थोड्या अंतरावर बंद पडते. टाकी आणि नळ्या धुऊन, प्लग बदलून बहुधा भागते.

दोन्ही प्रकारांत एकच गोष्ट जीव वाचवते, ती म्हणजे चावी न फिरवणे. तेल टाकीत आहे तोवर ते टाकीचे दुखणे आहे. चावी फिरवली की आधुनिक गाडीत तेलाचा पंप लगेच सुरू होतो, इंजिन चालू केले नाही तरीसुद्धा. तेव्हा “जरा बाजूला तरी घ्या गाडी, मागे लाइन लागलीय” असे पंपावाला म्हणाला तर गिअर न्यूट्रलला ठेवून ढकलून बाजूला घ्या. रागावू दे मागच्यांना.

एकच तोंडवळा, तीन तेले

ही चूक आताच का वाढावी? पूर्वी नुसते बघून कळायचे. टेम्पो, ट्रक, ट्रॅक्टर आला की डिझेल, मोटार आणि स्कूटर आली की पेट्रोल. २००५ साली टाटांनी ‘एस’ आणली, तिला आपल्याकडे सगळे ‘छोटा हत्ती’ म्हणतात. ती डिझेलवर आली. आज त्याच तोंडवळ्याची गाडी पेट्रोलवर आहे, सीएनजीवर आहे, २०२२ पासून विजेवरही आहे. मोटारींचे तर विचारूच नका. एकाच नावाची गाडी दोन भावांनी घेतलेली असते, एकाची डिझेल, दुसऱ्याची पेट्रोल. पंपावरच्या मुलाने ओळखायचे कशावरून? त्याने विचारले पाहिजे आणि गाडीवाल्याने सांगितले पाहिजे. दोघेही मोबाइलवर, तिथेच घोडे पेंड खाते.

शिवाय पेट्रोलचे नोझल बारीक असते, ते डिझेल टाकीच्या तोंडात आरामात शिरते. जाड नोझल बारीक तोंडात अडते. म्हणून महाग पडणारी चूकच सहज होते. या बारीक तोंडाचीही एक कथा आहे. १ एप्रिल १९९५ पासून मुंबई, दिल्ली, कलकत्ता, मद्रास या चार महानगरांत नव्या मोटारींना धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर लावणे सक्तीचे झाले आणि त्यांच्यासाठी शिसे नसलेले पेट्रोल आले. शिशाचे पेट्रोल अशा गाडीत गेले की तो महागडा डबा निकामी. देशभर शिसेमुक्त पेट्रोल व्हायला फेब्रुवारी २००० उजाडले. मधली पाच वर्षे मुंबईबाहेर निघालेल्या नव्या मोटारवाल्याला प्रत्येक पंपावर ‘हे कुठलं पेट्रोल?’ विचारावे लागत होते. म्हणजे चुकीच्या इंधनाची धास्ती आपल्याकडे नवी नाही.

नवी आहे ती निळ्या झाकणाची टाकी. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ गाड्या आल्या. त्यांतल्या ट्रकना आणि बऱ्याच मोठ्या टेम्पोंना डिझेलच्या शेजारी आणखी एक छोटी टाकी असते. तिच्यात डीईएफ नावाचे पाणी घालतात. साडेबत्तीस टक्के शुद्ध युरिया आणि बाकी खनिजरहित पाणी, एवढेच ते आहे. हे पाणी चुकून डिझेलच्या टाकीत गेले तर नळ्यांत खडे धरतात आणि धातू गंजतो. डिझेल या टाकीत गेले तर तिथले सगळे सामान बाद. चालक बदलीवर आला असेल तर दोन्ही झाकणे त्याला आधी दाखवून द्यावीत.

आता युरिया म्हटल्यावर शेतकऱ्याच्या डोक्यात काय येणार ते उघड आहे. घरात गोण पडलीये, घोळ पाण्यात! तसे करू नका. आपल्या खताच्या युरियाला २०१५ पासून निंबोळी तेलाचा लेप सक्तीचा आहे आणि त्यात बाययुरेट नावाचा घटकही जास्त असतो. गाडीच्या सायलेन्सरमधली जाळी त्याने तुंबते. दुसरे असे की अनुदानाचा युरिया शेतीखेरीज दुसरीकडे वापरणे हा गुन्हा आहे. ४५ किलोची गोण २६६ रुपये ५० पैशांना मिळते ती सरकार वरचे पैसे भरते म्हणून. कारखान्याला लागणारा युरिया याच्या कितीतरी पट महाग आहे. हा फरक बघूनच गोणीच्या गोणी शेतात न जाता परस्पर कारखान्याकडे वळतात, आणि इकडे भाताला दुसरा हप्ता द्यायच्या वेळी कृषी केंद्रापुढे रांगा लागतात.

दोन भावांचा खेळ

इथे मुद्द्याची गोष्ट येते. टाकीत चुकीचे तेल जाते ते हाताच्या चुकीने फार थोडे. जास्त जाते ते दिसायला सारख्या दोन मालांचे दोन भाव असल्यामुळे. युरियाचे आज जे आहे ते रॉकेलचे काल होते, आणि त्यात आपल्या राज्याने फार मोठी किंमत मोजली आहे.

रेशनचे रॉकेल ओळखू यावे म्हणून त्याला निळा रंग देत. २०१०-११ च्या सुमारास ते साधारण १२-१३ रुपये लिटर होते आणि डिझेल चाळिशीच्या घरात. रॉकेल डिझेलमध्ये सहज मिसळते, डोळ्यांना कळत नाही, आणि गाडी लगेच बंदही पडत नाही. हळूहळू पंप झिजतो, इंजेक्टर खराब होतात, इंजिनचे काम निघते तेव्हा कोणत्या पंपावरच्या कोणत्या लिटरने घात केला हे सांगता येत नाही. लिटरमागे पंचवीस-सत्तावीस रुपये सुटतात म्हटल्यावर कोण सोडणार? २००५ च्या राष्ट्रीय पातळीवरच्या एका पाहणीत रेशनचे सुमारे ३८ टक्के रॉकेल गरिबाच्या स्टोव्हपर्यंत न पोचता दुसरीकडे वळते असा अंदाज निघाला होता. त्याच वर्षी नोव्हेंबरात उत्तर प्रदेशात लखीमपूर खेरी इथे इंडियन ऑइलचे तरुण अधिकारी एस. मंजुनाथ यांचा खून झाला. भेसळ करणाऱ्या पंपावर त्यांनी कारवाई केली होती. सरकारने २००६ मध्ये रॉकेलमध्ये भेसळ पकडणारे रसायन मिसळायला सुरुवात केली. दोनेक वर्षांत तेही बंद पडले.

आणि मग २५ जानेवारी २०११. प्रजासत्ताक दिनाची आदली दुपार. मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना मनमाडजवळ पानेवाडी इथे रस्त्यालगत टँकरमधून तेल काढताना माणसे दिसली. पानेवाडीला तेल कंपन्यांचे मोठे डेपो आहेत, टँकर तिथून भरून निघतात. सोनवणे गाडी थांबवून उतरले, हाताशी असलेल्या मोबाइलने चित्रीकरण करू लागले. भरदिवसा त्यांना जिवंत जाळण्यात आले. राज्यभर सरकारी कर्मचाऱ्यांनी काम बंद ठेवले, पाठोपाठ ठिकठिकाणी छापे पडले, तपास पुढे सीबीआयकडे गेला. अपर जिल्हाधिकारी म्हणजे जिल्ह्यातला वरच्या फळीतला अधिकारी. त्याची ही गत झाली, तर पंपावर बाटली हातात धरून “हे डिझेल बघा” म्हणणाऱ्या टेम्पोवाल्याच्या मागे कोण उभे राहणार होते?

त्या मृत्यूनंतर भाषणे खूप झाली. पण रॉकेलची भेसळ खऱ्या अर्थाने कमी झाली ती भाषणांनी नव्हे, दोन भावांतले अंतर मिटले तेव्हा. ऑक्टोबर २०१४ मध्ये डिझेलचे दर बाजारावर सोडले. २०१६ पासून रेशनच्या रॉकेलचा भाव थोडा थोडा चढवत नेला, २०२० पर्यंत त्यावरचे अनुदान संपत आले. त्याच काळात गॅसची जोडणी खेड्यापाड्यांत गेली आणि रॉकेलचा कोटाही आटला. अर्थात ज्या आदिवासी पाड्यावर गॅसचे सिलिंडर परत भरायला पैसे नसतात, तिथे दिव्याला आणि चुलीला रॉकेल गेले ते गेलेच. हा हिशेब कुणी मांडत नाही.

एक फट बुजली की पाणी दुसरीकडून येते. २०२०-२१ च्या सुमारास शेजारच्या गुजरातेत ‘बायोडिझेल’ या नावाखाली कारखान्यातली भलतीच तेले हमरस्त्यालगत विकली जाऊ लागली. तिथल्या सरकारला धाडी घालाव्या लागल्या. खरे बायोडिझेल वाईट नाही, त्याच्या विक्रीला केंद्राने २०१९ मध्ये नियमही केले. पण पत्र्याच्या शेडमध्ये, बिनपावतीचे, डिझेलपेक्षा बरेच स्वस्त मिळते ते खरे बायोडिझेल कसे असेल? अहमदाबाद हमरस्ता आपल्या तालुक्यातूनच जातो. खानिवडे, शिरसाडपासून वरच्या अंगाला गाड्या चालवणाऱ्यांनी हा मोह टाळलेला बरा.

मच्छीमारांच्या डिझेलचे दुखणे याच कुळातले, फक्त उलट्या बाजूने. यांत्रिक नौकांच्या डिझेलवरचा विक्रीकर सरकार परत देते. पण आधी पूर्ण भाव भरायचा आणि परताव्याची वाट बघायची. पाचूबंदर, नायगाव, अर्नाळ्याच्या नाखव्याला यातला मनस्ताप सांगायला नको. परतावा रखडला की समुद्रात कुणी स्वस्त डिझेल देतो म्हणाला तर माणूस मोहात पडतोच.

पाणी आणि इथेनॉल

तिसरा प्रकार असा की त्यात गाडीवाल्याची चूक नाही, पंपावरच्या मुलाची नाही, कधी कधी मालकाचीही नाही. पावसाचे पाणी. जून २०२५ मध्ये मध्य प्रदेशात रतलामजवळ मुख्यमंत्री मोहन यादव यांच्या ताफ्यातल्या १९ गाड्या एका पंपावर डिझेल भरल्यावर थोड्याच अंतरावर धडाधड बंद पडल्या. डिझेलमध्ये पाणी निघाले. रात्रीच अधिकारी धावले, पंपाला सील ठोकले. छानच झाले. पण केळीचा टेम्पो असाच बंद पडला असता तर रात्री कोण धावले असते, हे वाचकांनीच ठरवावे.

वसई-विरारला हा धोका जास्त आहे. जुलै २०१८ मध्ये नालासोपारा, वसईला रुळांवर पाणी चढले, गाड्या बंद पडल्या, वसईच्या मिठागरातली शेकडो माणसे अडकली, ते अजून कुणी विसरलेले नाही. रस्त्यावर पाणी साचते तिथे पंपाच्या जमिनीखालच्या टाकीची झाकणे कितपत घट्ट आहेत, हा प्रश्न दर पावसाळ्यात विचारला पाहिजे.

त्यात आता इथेनॉलची भर. २०१४ मध्ये पेट्रोलमध्ये इथेनॉल दीड टक्का होते. जून २०२२ मध्ये १० टक्के झाले आणि २०२५ मध्ये २० टक्के. मूळ ठरले होते २०३० पर्यंत, ते पाच वर्षे आधी झाले. उसाला, मक्याला गिऱ्हाईक मिळाले, परकीय चलन वाचले, यात शंका नाही. एके काळी वसईच्या वाड्यांतही ऊस होता, आज नाही, त्यामुळे या इथेनॉलचा पैसा आपल्या पट्ट्यात येत नाही. आपल्याकडे येते ते फक्त पेट्रोल.

इथेनॉलला पाण्याची ओढ आहे. साध्या पेट्रोलमध्ये पाणी शिरले तर ते तळाला बसते आणि वेगळे दिसते. इथेनॉलच्या पेट्रोलमध्ये थोडे पाणी मिसळून जाते. प्रमाण वाढले की पाणी आणि इथेनॉल मिळून खाली बसतात, वर हलके पेट्रोल राहते. गाडीचा पंप तळाचे ओढतो. दुसरे, इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश कमी ऊर्जा असते. सरकारनेच ऑगस्ट २०२५ मध्ये मान्य केले की या पेट्रोलसाठी जुळवून घेतलेल्या गाड्यांचे अॅव्हरेज १ ते २ टक्के आणि इतरांचे ३ ते ६ टक्के कमी होऊ शकते. २०२३ च्या आधीच्या बहुतेक गाड्या या मिश्रणासाठी बनवलेल्याच नव्हत्या. साधे पेट्रोलही पंपावर मिळावे अशी याचिका सर्वोच्च न्यायालयात गेली होती, ती १ सप्टेंबर २०२५ रोजी फेटाळली गेली.

गाडी बंद पडेल, इंजिन जळेल अशी जी भीती पसरवली जाते तिच्यात अतिशयोक्ती आहे. पण जुन्या मोटरसायकलचे रबर, कार्ब्युरेटरचे वायसर लवकर खराब होऊ शकतात, आणि ज्याच्याकडे पंधरा वर्षांची गाडी आहे तो ती हौसेने ठेवत नाही, नवी परवडत नाही म्हणून ठेवतो. मायलेजचा तोटा त्याच्या खिशातून जातो आणि त्याला निवडीचा हक्क नाही. इथे चुकीचे इंधन टाकण्याची चूक कुणाची म्हणायची?

शेतकऱ्याचे खरे नुकसान मात्र मोटारीत नाही, वाडीतल्या छोट्या यंत्रांत आहे. फवारणीचा पंप, गवत कापायचे मशीन, पेट्रोलवरचा पाण्याचा पंप ही यंत्रे चार महिने वापरतात आणि आठ महिने पडवीत पडून असतात. टाकीत उरलेले पेट्रोल दमट हवेत पाणी धरते. काम संपले की टाकी रिकामी करा, मशीन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा, कॅनमध्ये महिनोन्महिने पेट्रोल साठवू नका. गॅरेजवाल्याचे निम्मे पैसे इथेच वाचतील.

तक्रार कुणाकडे?

आता आपल्या तालुक्यातला घोळ. पश्चिमेची बरीच गावे २००९ पासून महापालिकेत, पूर्वेची ग्रामपंचायतीत. पोलीस २०२० पासून मीरा-भाईंदर, वसई-विरार आयुक्तालयाचे. जिल्हा २०१४ पासून पालघर. माणूस पंपावरून महापालिकेत जातो, तिथून पोलीस चौकीत, तिथून घरी. पंपाच्या तेलाशी महापालिकेचा संबंध नाही. दर्जाची तक्रार तहसीलदारांच्या पुरवठा शाखेकडे किंवा जिल्हा पुरवठा अधिकाऱ्याकडे, आणि त्या तेल कंपनीच्या विक्री अधिकाऱ्याकडे. त्याचे नाव व फोन पंपावर लिहिलेला असतो. माप कमी भरले तर वैधमापन खात्याकडे. नमुना घेण्याचे अधिकार २००५ च्या केंद्राच्या आदेशाने ठरावीक दर्जाच्या अधिकाऱ्यांनाच आहेत. तलाठ्याला (आता त्यांना ‘ग्राम महसूल अधिकारी’ म्हणायचे) किंवा ग्रामसेवकाला ते नाहीत. पण लेखी अर्ज घेऊन, तारीख-वेळ टाकून, त्याच दिवशी वर पाठवणे तर त्यांच्या हातात आहे. दुसऱ्या दिवशी पंपाच्या टाकीत नवा टँकर रिकामा होतो आणि पुरावा संपतो, हे लक्षात ठेवले तर कागदाला घाई का हवी ते कळेल.

गाडीवाल्याने काय करायचे? पावती घ्यायची, ‘नको, राहू दे’ म्हणायचे नाही. पावतीवर पेट्रोल की डिझेल ते छापलेले असते, चूक कुणाची हे त्याच एका ओळीवर ठरते. तेल भरताना तोंडाने सांगायचे, खाली उतरून मशीनवरचे नाव वाचायचे, आणि झाकणाच्या आत मोठ्या अक्षरांत ‘डिझेल’ लिहून घ्यायचे, दहा रुपयांचा स्टिकर आहे. शंका आली तर गाळणकागद मागा. पेट्रोलचा थेंब त्यावर डाग न ठेवता उडून जातो, डाग राहिला तर काहीतरी मिसळलेले आहे. घनता मोजायला सांगता येते, पेट्रोल साडेसातशेच्या आसपास, डिझेल आठशेवीसच्या पुढे, आणि पंपाकडे टँकरबरोबर आलेल्या चलनावरच्या आकड्याशी ती जुळली पाहिजे. पाच लिटरचे शिक्क्याचे माप पंपावर ठेवावेच लागते. या तपासण्यांना पैसे पडत नाहीत आणि पंपवाला नाही म्हणू शकत नाही. नाही म्हणालाच तर तक्रारवही मागा.

गाडी बिघडलीच तर टाकीतले तेल गॅरेजमध्ये ओतून देऊ नका. दोन साक्षीदारांसमोर स्वच्छ बाटल्यांत भरून सील करा, मेकॅनिककडून काय निघाले ते लेखी घ्या. साध्या विम्यात हे नुकसान सहसा बसत नाही, वेगळे कलम घेतले असेल तरच. भरपाईसाठी जिल्हा ग्राहक आयोग आहे. २०१९ च्या कायद्याने आपण राहतो तिथल्या आयोगात तक्रार करता येते, मुदत दोन वर्षांची, आणि मोजलेली किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही. वकील असलाच पाहिजे असे नाही. फोनवर विचारायचे तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५.

सरपंच मंडळींना एक काम सुचवावेसे वाटते. वसई तालुक्यातल्या किती पंपांचे नमुने गेल्या वर्षात घेतले, किती प्रयोगशाळेत गेले, किती नापास झाले आणि पुढे त्यांचे काय झाले, हे माहितीच्या अधिकारात विचारता येते. अर्जाला दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लागतो आणि तीस दिवसांत उत्तर द्यावे लागते. दोन-चार ग्रामपंचायतींनी पावसाळ्याच्या आधी एकदा आणि नंतर एकदा असा अर्ज पुरवठा शाखेत टाकला, तर निदान कुठल्या पंपावर नमुना घ्यायला कुणी फिरकतच नाही तेवढे तरी कळेल.